हिरवळीला शून्य मार्क

दिवाळीत चार दिवस गावाला जाऊन निवांत लोळायचं, एवढाच प्लॅन होता. पण अलिबागजवळच्या आमच्या गावात 'मुंबईची पत्रकार' आली की तिच्या गळ्यात काही ना काही पडतंच. या वेळी मंडळाचे काका थेट ओटीवर आले आणि हातात क्लिपबोर्ड देऊन मोकळे झाले. "किल्ले स्पर्धेला परीक्षक हवेत. तू आणि तुझा दादा. चौदा किल्ले, दोन तासांचं काम!"

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नॉटिंगहॅमला असतो, आयटीत. वय पस्तीस आणि वीकएंडचा उद्योग काय, तर टेबलावर इंचभर उंचीचे सैनिक मांडून लढाया खेळणं! वॉरहॅमर नावाचा हा खेळ बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय नेमकं त्याच शहरात आहे. त्यामुळे पठ्ठ्या पुरता कामातून गेलाय. सैनिक विकत घ्यायचे, चिकटवायचे, बारीक ब्रशने रंगवायचे आणि मग टुर्नामेंटला न्यायचे. "एवढ्या पैशात लग्न उरकलं असतं," ही मावशीची कायमची कॉमेंट.

काकांनी दिलेला मार्कांचा तक्ता त्याने माझ्याआधी वाचला. भव्यता २०, तटबंदी आणि बुरूज २०, मावळ्यांची मांडणी आणि सजावट २०, हिरवळ १०, राजदरबार १०, माहिती सांगणे २०. एकूण शंभर.

"आमच्याकडे पण शंभरच असतात," दादा म्हणाला. आणि मग वाटेत त्याने मला त्याच्या खेळाचा सगळा फंडा समजावून सांगितला.

हरलेला घरी जात नाही

दोन दिवसांची टुर्नामेंट, साधारण पाच लढाया. प्रत्येकाने ठरलेल्या पॉइंटांची फौज आणायची, बहुतेक ठिकाणी २००० ची. एकेक लढाई तीन-तीन तास चालते. पण हरलं की बाहेर, असं नाही. पहिल्या फेरीत जिंकलेले दुसऱ्या फेरीत जिंकलेल्यांशी खेळतात, हरलेले हरलेल्यांशी. बुद्धिबळाच्या स्पर्धांत असतं तसंच. म्हणजे सगळ्यात कच्चा खेळाडूसुद्धा शेवटच्या फेरीपर्यंत खेळतो आणि तेही आपल्या तोडीच्या माणसाशी.

गंमत मार्कांची आहे. समोरच्याचे किती सैनिक मारले, यावर सगळं ठरत नाही. टेबलावर काही ठिकाणं ठरलेली असतात, ती ताब्यात ठेवण्याचे मार्क मोठे. त्यामुळे अख्खी फौज गमावूनही माणूस मार्कांवर जिंकू शकतो! २०२० आणि २०२३ च्या नियमावलीत तर लढाईच्या शंभरातले दहा मार्क निव्वळ फौज रंगवलेली असण्याचे होते. काही स्पर्धांत दोघांच्या मार्कांमधला फरक बघून वीस गुण वाटतात. अटीतटीची झाली तर दहा-दहा, धुव्वा उडवला तर वीस-शून्य.

"आणि बक्षिसं?"

"ती वेगवेगळी. नुसत्या लढायांत पहिला तो बेस्ट जनरल. सगळ्यात सुंदर फौजेला पेंटिंगचं बक्षीस. लढाई, रंगकाम, वागणूक असं सगळं मिळून पहिला तो ओव्हरऑल. काही ठिकाणी शेवटच्याला लाकडी चमचा देतात." (ही प्रथा मूळची केंब्रिजची. तिथे गणिताच्या परीक्षेत शेवटून पहिल्या येणाऱ्याला १९०९ पर्यंत खराखुरा लाकडी चमचा मिळायचा.)

"वागणुकीचे मार्क कोण देतं?"

दादा हसला. "तिथेच तर घोळ व्हायचा. आधी प्रत्येकाने समोरच्याला आकड्यांत मार्क द्यायचे असायचं. मग हुशार लोक काय करायचे, आपल्या पुढे जाऊ शकेल त्याला मुद्दाम कमी द्यायचे. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी एकच प्रश्न विचारतात. ज्यांच्याशी खेळलास, त्यांच्यातल्या कुणाशी परत खेळायला आवडेल? फक्त नाव लिही."

मला हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. मी फ्रीलान्सर, मला अप्रेझल नाही. पण दर एप्रिलला माझ्या मैत्रिणींची जी रडारड ऐकते, ती हीच. जो कलीग रात्री नऊ वाजता सगळ्यांच्या एक्सेल शीट दुरुस्त करून देतो, त्याच्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नसतो.

समुद्रात अळीव?

चौदापैकी नऊ रायगड होते. गावाच्या टोकाला झालेल्या नव्या बिल्डिंगचा रायगड तर सॉलिडच. पाच फूट उंच, पंपावर चालणारं कारंजं, बुरुजांवर लाइटिंग, बाजारातून आणलेले एकसारखे मावळे. "हिरकणीचा बुरूज कुठला?" असं मी विचारलं तेव्हा मुलगा एक क्षण वडिलांकडे बघत राहिला. वडील म्हणाले, "मॅडम, कारंजं बघितलंत का?"

बेरीज झाली ९१.

बाराव्या नंबरला कोळीवाड्यातल्या एका मुलीचा किल्ला होता. सातवीतली असेल. अंगणात निळं प्लॅस्टिक अंथरलेलं, त्यावर दगडांचं बेट. तट अर्धाच. चुन्याचे ढीग, दोरखंड, दगड वाहणारी माणसं. भोवती शिंपल्यांच्या होड्या आणि लांबवर पुठ्ठ्याची तीन मोठी जहाजं.

"हे काय गं, अर्धवटच राहिलं?" मी विचारलं.

"अर्धवट नाही ताई. ही १६७९ ची खांदेरी आहे. बांधकाम चालू आहे."

आणि पोरगी सुरूच झाली. महाराजांनी थळसमोरच्या या बेटावर किल्ला बांधायला घेतला, कारण इथून मुंबईच्या इंग्रजांवर आणि जंजिऱ्याच्या सिद्दीवर, दोघांवरही नजर ठेवता येते. काम मायनाक भंडारींकडे. इंग्रजांनी अडवायला जहाजं पाठवली, पण आपल्या छोट्या होड्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून बेटावर सामान पोचवत राहिल्या. मोठी जहाजं तिथे येणार कशी? शेवटी इंग्रजांना माघार घ्यावी लागली, मग सिद्दीने शेजारची उंदेरी धरली. "आणि आता २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले घेतले ना, त्यात रायगड आहे आणि आमची खांदेरी पण आहे," हे शेवटचं वाक्य मान ताठ करून.

माहितीला वीस पैकी वीस. मांडणीला एकोणीस. मग तटबंदी. अर्धीच होती, तक्त्याप्रमाणे नऊ. भव्यता बारा. राजदरबार? महाराज तिथे नव्हतेच. शून्य. हिरवळ? शून्य.

बेरीज ६०. दादाने दोनदा करून बघितली.

"नंतर तक्ता बदलता येणार नाही," मी पुटपुटले.

"बदलायचा पण नाही," तो म्हणाला. "खेळ सुरू झाल्यावर नियम बदलणं म्हणजे चीटिंग. पण एक बघ, चौदात नऊ रायगड का? दरबाराला दहा मार्क आहेत म्हणून. कागदावर जे लिहाल, तेच पोरं पुढच्या वर्षी बांधणार."

तो स्टीलचा डबा

इथे एक कबुली देऊन टाकते. २००७ च्या दिवाळीत याच गावात, अशाच स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. मी दहा वर्षांची. किल्ला बाबांनी दोन रात्री जागून केला होता, मी माती कालवली आणि अळीव पेरले. परीक्षकांनी विचारलं, "कुणी केला?" मी म्हटलं, "मी." शेजारच्या मुलाने एकट्याने पद्मदुर्ग केला होता, त्याचा दुसरा नंबर. बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा डबा अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. तो मुलगा आजही भेटला की चहा पाजतो. डब्याचा विषय आम्ही कधीच काढलेला नाही.

त्यामुळे त्या बिल्डिंगवाल्या मुलाच्या चेहऱ्यावरचा तो एक क्षण मला नीट कळला होता.

दादाने काकांना एकच गोष्ट पटवली. शंभर मार्कांचा निकाल जसाच्या तसा लावायचा, पण एक बक्षीस वाढवायचं. प्रत्येक किल्ल्याच्या मुलांनी मिळून एक चिठ्ठी लिहायची, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाची. स्वतःचा किल्ला सोडून.

मला वाटलं, खांदेरीच निघणार. फिल्मी एंडिंगची तयारीच केली होती मी मनात.

चिठ्ठ्या उघडल्या. खांदेरीला चार. आणि सहा चिठ्ठ्यांवर ज्याचं नाव होतं, त्याचा किल्ला आम्ही दोन मिनिटांत बघून पुढे गेलो होतो. आदल्या दिवशीच्या अवकाळी पावसात त्याचा अर्धा डोंगर वाहून गेला होता. एका चिठ्ठीत कारणही लिहिलं होतं. 'त्याने सगळ्यांना सायकलवरून लाल माती आणून दिली.' म्हणून त्याचा स्वतःचा किल्ला उशिरा सुरू झाला होता. आमच्या तक्त्यात त्याला ४३.

दादाने रात्री बसून आपल्या ब्रशने एक मातीचा मावळा रंगवला होता. डोळ्यांतली बुबुळं, पगडीची घडीन्‌घडी. तो त्या पोराला मिळाला. रायगडवाल्यांना ट्रॉफी मिळाली, पण गर्दी मावळ्याभोवती.

सगळं आटपल्यावर खांदेरीवाली माझ्याकडे आली. "ताई, माझे मार्क कुठे गेले?"

मी तक्ता दाखवला. तिने बोट ठेवून वाचला. "हिरवळ शून्य?" जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "समुद्रात अळीव पेरू का?"

मला उत्तर सुचलं नाही. 'सॉरी' म्हटलं. तिने मान डोलावली, पण तिला ते पुरलं नव्हतं, हे दिसत होतं.

त्या रात्री काकांबरोबर बसून पुढच्या वर्षीचा तक्ता केला. राजदरबार गेला. त्याजागी 'त्या किल्ल्याला आणि त्या काळाला शोभेल अशी रचना'. 'मुलांच्या हातचं काम' असा नवा रकाना आला, चिठ्ठी कायम झाली. हिरवळीवर मात्र काका अडून बसले. "हिरवळीशिवाय किल्ला कसला गं?" शेवटी पाच मार्कांवर तोडगा निघाला.

निघताना ओटीवर बाबांना विचारलं, "बाबा, २००७ चा तो पहिला नंबर आठवतो? तो किल्ला कुणी केला होता?"

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आपण."

आत आई हाका मारत होती. मुंबईला न्यायला चकल्या भरून ठेवल्या होत्या. त्याच डब्यात.