'डिअर'चे मोल

काही वर्षांपूर्वी एक चिनी विद्यार्थिनी माझ्याकडे मराठी शिकत असे. तिचे पहिले इंग्रजी पत्र 'माय डिअर टीचर' या संबोधनाने सुरू झाले होते. स्टाफरूममध्ये त्यावर हशा पिकला. संकोचून मी चार ओळींचे कोरडे उत्तर धाडले. पुढच्या पत्रापासून ती 'रिस्पेक्टेड मॅडम' लिहू लागली. मला ते योग्यच वाटले.

इंग्रजी पत्रातले 'डिअर' वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे; थकबाकीच्या नोटिशीलाही ते चालते. चिनी भाषकाला मात्र त्याचा प्रतिशब्द म्हणून 'छिन-आय-द' शिकवला जातो. त्यातल्या 'छिन'मध्ये आप्तांची जवळीक आहे, 'आय'मध्ये प्रेम. औपचारिक पत्रात चिनी माणूस 'त्सुन-जिंग-द', म्हणजे 'आदरणीय' असे लिहितो. अर्थात झीज तिथेही झालीच. 'ताओबाओ' या संकेतस्थळावरचे विक्रेते अनोळखी गिऱ्हाइकालाही नुसते 'छिन' म्हणू लागले.

'डिअर'चा दुसरा अर्थ महाग. त्यासाठी चिनीत वेगळा शब्द आहे, 'ग्वेइ'. पण गंमत अशी, की अदबीने आडनाव विचारतानाही 'ग्वेइ शिंग' म्हणतात. इंग्रजीत मोल आणि माया एका शब्दात नांदतात. चिनीत मोल आणि मान.

निरोप घ्यायला आली तेव्हा ती म्हणाली, "पहिल्या पत्राच्या वेळी मी त्या एका शब्दापाशी खूप वेळ अडले होते. 'डिअर' फार जवळचे वाटत होते, 'रिस्पेक्टेड' फार लांबचे. इथे माझे कोणी नव्हते, म्हणून जवळचे निवडले."

लू शुन यांनी 1925 साली शू ग्वांगपिंग या आपल्या विद्यार्थिनीला उत्तर लिहिताना तिच्या नावापुढे 'श्युंग', म्हणजे 'थोरला भाऊ' असे लिहिले. ती चकित झाली. तिने कारण विचारले, आणि त्यांनी पुढच्या पत्रात ते समजावून सांगितले. माझ्या विद्यार्थिनीने काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही. ती निमूटपणे एक पायरी खाली उतरली.

खरे तर मराठीच्या शिक्षिकेला हे उमगायला हवे होते. आपणही साहेबाला 'महोदय' लिहितो, वडिलांना 'तीर्थरूप'. 'प्रिय' मात्र हात राखून वापरतो. मी तिचे पत्र इंग्रजी म्हणून वाचले. मराठी म्हणून वाचले असते, तर त्या शब्दाचे मोल तेव्हाच कळले असते.