फोन छान आहे, पण लागत नाही!

नवा फोन घेताना तुम्ही काय काय पाहता? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती टिकते, स्टोरेज किती, रंग कोणता. बरोबर ना? पण "या फोनवरून कॉल नीट लागतो का हो?" असं दुकानात विचारणारं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही. पंखा घेताना "याला वारा येतो ना?" असं आपण विचारत नाही, तसंच हे. फोन म्हटला की तो लागणारच, असं आपण धरूनच चालतो.

आणि समजा, नाही लागला तर? बाकी सगळं उत्तम, पण सिग्नलच धड नाही, असा फोन ठेवायचा की परत करायचा? हा प्रश्न माझ्यासमोर आला तेव्हा उत्तर वाटलं तितकं सोपं नव्हतं.

मी होसकोट्यात राहते. बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या जुन्या मद्रास रोडवरचं हे गाव. पहाटे मिळणाऱ्या बिर्याणीसाठी लोक शहरातून इथे गाड्या घेऊन येतात. शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीतही होसकोटे होतं, हे इथे आल्यावर कळलं तेव्हा मला उगाच आपुलकी वाटली होती. कंटेंट रायटिंगचं काम बरंचसं घरून, अधूनमधून व्हाइटफील्डला ऑफिस. आई-बाबा बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. पावसाळ्यात तिकडे आधीच रेंजची बोंब. मग निदान माझ्या बाजूने तरी फोन धड हवा की नको?

हा फोन दादाने माझ्या वाढदिवसाला पाठवला होता. ऑनलाइन मागवलेला, दिसायला देखणा, फोटो तर असे की घरमालकीण बाईंनीही कौतुक केलं. पण पहिल्या दिवसापासून खोलीत आलं की एकच कांडी. कधी तीही गायब.

तिसऱ्या दिवशी रात्री घरमालकीण बाई वर आल्या. "ऊटा आयता?" एवढं विचारून त्यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. पलीकडे आई. "किती येळ लावतोय, तुझा फोन लागंनाच बघ." बाबांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. त्या दिवशी मेडिकलवाल्याने गोळ्यांची वेगळ्याच रंगाची स्ट्रिप दिली होती आणि ती द्यावी की नको, हे विचारायला आई पाऊण तास मला फोन लावत होती. तोवर गोळी तशीच ताटाशेजारी ठेवलेली. मी गच्चीवर जाऊन फोटो मागवला, औषधाचं नाव चिठ्ठीशी ताडलं, दवाखान्यात फोन करून खात्री केली आणि मग बाबांनी गोळी घेतली. कंपनी वेगळी, औषध तेच. काही बिघडलं नाही. पण त्या रात्री ठरवलं, या फोनचा सोक्षमोक्ष लावायचा.

आता गंमत अशी की दोष नक्की कुणाचा, हे शोधणं अवघड असतं. फोनचा, सिमकार्डचा, टॉवरचा की घराचा? आमच्या इमारतीला जाड स्लॅब, खिडक्यांना रंगीत काचा. ग्राहक सेवेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमच्या एरियाचा प्रॉब्लेम असेल." असेलही! म्हणून मी साधी तुलना केली. तुम्हीही करू शकता.

सगळ्यात आधी, कांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. २०१० साली आयफोन ४ विशिष्ट पद्धतीने हातात धरला की सिग्नल पडतो, अशी जगभर ओरड झाली होती. तेव्हा खुद्द ॲपलने मान्य केलं होतं की कांड्या मोजण्याचं त्यांचं सूत्रच चुकीचं होतं आणि फोन गरजेपेक्षा जास्त कांड्या दाखवत होता. पुढे त्यांनी ग्राहकांना फोनच्या कडेला लावायचं कव्हर फुकट दिलं.

मग खरा आकडा कुठे असतो? बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन आणि सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंग्थ दिसते. एकक डीबीएम, आकडा उणे. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. ४जीवर उणे ८० ते ९० म्हणजे छान, उणे ११०च्या खाली गेलं की रडारड. आणि यात १०चा फरक म्हणजे थोडाथोडका नाही, सिग्नलची ताकद १० पट कमी!

मी जुना आणि नवा फोन घेतला, दोन्ही फक्त ४जीवर ठेवले, कव्हरं काढली. एकच सिम आलटून पालटून घातलं. खिडकीजवळ, पलंगाशी, स्वयंपाकघरात आणि गच्चीवर, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबून आकडा लिहिला. सकाळी आणि रात्री, दोन दिवस. गच्चीवर दोघांत फारसा फरक नव्हता. पण पलंगाशी जुना उणे १०० दाखवायचा तेव्हा नवा उणे ११२च्या आसपास. म्हणजे घर जाड भिंतींचं आहे हे खरं, पण त्याच भिंतीत चार वर्षांचा जुना फोन तग धरत होता.

असं का होतं? फोनचा अँटेना आता आतच, कडेच्या पट्टीत बसवलेला असतो. तो कसा बसवला आहे, धातूची चौकट कशी आहे, यावर बरंच अवलंबून असतं. शिवाय फोन कोणते बँड पकडतो, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. २३०० किंवा ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी भरपूर डेटा वाहतात, पण भिंतीपाशी दमतात. बंद खोलीत खालच्या बँडवर कच्चा असलेला फोन म्हणूनच मागे पडतो. वर सिग्नल कमी असला की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो, त्यामुळे बॅटरीही लवकर संपते.

"वाय-फाय कॉलिंग चालू कर की," असं मैत्रिणीने सुचवलं. केलं. घरात कॉल सुरळीत झाले आणि मन डळमळलं. इतका छान कॅमेरा, दादाची भेट, कशाला परत करायचं? पण दोन दिवसांनी वीज गेली, वाय-फाय बंद पडलं आणि फोन पुन्हा मुका. ऑफिसच्या बसमध्ये तर वाय-फाय नसतंच. आईचा फोन वीज पाहून थोडाच येणार?

मी आकड्यांचा कागद जोडून तक्रार नोंदवली. परत करायला ७ दिवसांची मुदत होती, त्यातला सहावा दिवस. आधी त्यांनी फोन बदलून दिला. दुसऱ्या फोनवरही तेच आकडे! म्हणजे एखादा नग खराब नव्हता, मॉडेलच माझ्या घरासाठी योग्य नव्हतं. मग पैसे परत मागितले आणि मिळाले.

हे लक्षात असू द्या, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. कुणी टाळाटाळ केली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

सगळ्यात जड गेलं ते दादाला सांगणं. त्याने किती हौसेने घेतला होता! मी बाबांच्या गोळीची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मला का नाही लावला आईने फोन?" मग स्वतःच म्हणाला, "मी मीटिंगमध्ये असतो ना." त्या दिवसापासून तोही रात्री नऊला घरी फोन करतो.

आता माझ्याकडे त्याच पैशातला दुसरा, थोडा साधा फोन आहे. घेण्याआधी एका सहकाऱ्याकडचं तेच मॉडेल घरी आणून, माझं सिम घालून पलंगाशी तपासलं. फोटो आधीच्याइतके सुंदर येत नाहीत, हे खरं. पण आई पहिल्या रिंगला बोलते.

तुम्ही काय ठेवाल आणि काय परत कराल, हे तुमच्या गरजेवर आहे. जो दिवसभर वाय-फायमध्येच असतो, त्याला तोच फोन चालूनही जाईल. पण घरी कुणी वयस्कर माणूस तुमच्या फोनची वाट पाहत असेल, तर नवा फोन हातात आल्यावर सेल्फी नंतर काढा. पहिला कॉल त्यांना करा, आणि तोही घराच्या अगदी आतल्या खोलीतून. परत करायची मुदत संपायच्या आत!