तांबडीची खुशाली

आमच्या पारनेर तालुक्यात पाऊस कमी अन् फौजेत गेलेली पोरं जास्त. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव आमच्याच नगर जिल्ह्यातल्या निमजचे. अशा शिपायांची नावं पुस्तकांत येतात. त्यांच्या माघारी मोट कुणी हाकली, ते कुठं लिहिलेलं नसतं.

1971 साली धाकटे काका नगरच्या रणगाडा केंद्रात शिकून सरहद्दीवर गेले होते. पत्ता एवढाच : 56 एपीओ. घरी आजोबा, आजी, काकू अन् आम्ही पोरं. पुरुषानं मोट हाकायची, बाईनं दारं धरायची, ही गावाची रीत. त्या हिवाळ्यात आजोबांना दम्यानं उठवेना, गहू तर पाण्याला आलेला. काकूनं पदर खोचला अन् बैल धावेला लावले. आजीनं दारं धरली. चार दिवस गाव बोललं, मग गप बसलं.

काकांचं पत्र आजोबांच्या नावानं यायचं. त्यात बायकोचं नाव काढायची सोय नव्हती. सगळ्यांना नमस्कार-आशीर्वाद झाले की शेवटी एक ओळ असायची, 'तांबडी कशी आहे?' तांबडी म्हणजे काकूला माहेरनं आंदण आलेली गाय. पत्र मीच वाचायचो, उत्तरही मीच लिहायचो. एकदा चुलीकडं तोंड करून काकू म्हणाली, "लिही, तांबडी खात न्हाई."

"आगं, काल तर दोन पेंढ्या फस्त केल्या की तिनं!" आजी म्हणाली.

काकू काही बोलली नाही. मी सांगितलं तसं लिहिलं.

3 डिसेंबरला लढाई पेटली अन् पत्रं थांबली. गडीमाणसं चावडीवरच्या रेडिओला चिकटलेली असायची. काकू मोट हाकता हाकता पोस्टमनच्या सायकलीची वाट बघायची. 16 तारखेला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली, दुसऱ्या दिवशी पश्चिमेलाही लढाई थांबली. गावात साखर वाटली. काकूनं ती हातात घेतली, तोंडात घातली नाही.

दहा-बारा दिवसांनी पत्र आलं. 'मी सुखरूप आहे. तांबडीला म्हणावं, आता पोटभर खा.'

आजोबांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे पत्र माझं न्हाई. जा, विहिरीवर नेऊन दे."

काकूनं बैल थांबवले. ओळ ऐकली. "आणिक एकदा वाच," म्हणाली. मी वाचली. तिनं डोळ्यांना पदर लावला अन् बैलांना हाक दिली. दोन वाफे भरायचे राहिले होते.