पदरातली मूठ

आजी गेली, तेव्हा तिचा एकटीचा असा एकही फोटो घरात नव्हता. काशीयात्रेला निघताना मनमाड स्टेशनवर काढलेल्या घोळक्यातून मी तिला फोटोशॉपमध्ये वेगळी करायला बसलो. पेन टूलने बिंदू ठेवायचा. दाबून ओढला की रेघ वळते. बेझिए या फ्रेंच अभियंत्याने १९६० च्या दशकात रेनो मोटारींच्या आकारांसाठी वापरलेली हीच वक्ररेषा! बिंदू कमी, तितकी रेघ सफाईदार. दौंडकडचे रूळही असेच सावकाश वळतात. अंबाडा, खांदा सुरेख जमले. पदराशी मात्र हात अडखळला. पदर घट्ट धरलेली इवलीशी मूठ माझीच होती. आई म्हणाली, “जित्या माणसाला हाराच्या फोटोत ठेवू नये रे.” तरीही मी रेघ मुठीच्या बाहेरून नेली. हाराखाली ती कुणाला दिसत नाही.