सहामाही

आमच्या वेळी शाळेत सहामाही परीक्षा असे. दिवाळीच्या आधी पेपर आणि सुट्टी संपून शाळा उघडली की निकाल. म्हणजे फराळसुद्धा धाकधुकीतच खायचा. सातवीच्या सहामाहीत मला गणितात 100 पैकी 22 मार्क पडले. वडिलांनी प्रगतिपुस्तकावर सही केली आणि एवढंच म्हणाले, "डोकं नाही तर हात तरी चालव." त्या वर्षी भातकापणीला माणूस मिळालं नव्हतं म्हणून त्यांनीच मला तीन आठवडे शाळेतून काढून शेतात ठेवलं होतं. त्या 22 मार्कांत ते तीन आठवडे होते, पण हे ना त्यांना सुचलं, ना गुरुजींना, ना मला. अकरावीची मॅट्रिक जाऊन 1975 साली नवी दहावी आली. दोन वर्षांनी मीही बसलो, कसाबसा पास झालो आणि बागेत उतरलो तो आजतागायत.

असा हा माणूस चार वर्षांपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीवर गेला. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आल्यापासून गावोगावच्या शाळांना ही समिती असते. चारातले तीन सदस्य पालक आणि एकूणात निम्म्या बायका. उरलेल्या जागांत शिक्षणतज्ज्ञाचीही सोय आहे. तिथे मला बसवलं. घरी सांगितल्यावर आमची मंडळी पोट धरून हसली. म्हणाली, "आता कलमंपण तुम्हांला गुरुजी म्हणतील."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शाळेच्या पडवीत बैठक बसली. आता सहामाही राहिलेली नाही. 2010 पासून आकारिक आणि संकलित असं मूल्यमापन असतं आणि मार्कांवरून श्रेणी देतात. सहावी ते आठवीच्या वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, "श्रेणी सगळ्यांना कळल्या आहेत. त्यात न दिसलेलं मला बघायचंय. पोरांचे सात-सात जणांचे गट करूया. प्रत्येक गटाला एक मोठं माणूस, वर्षभर तेच. अर्धं वर्ष कसं गेलं हे त्यांनी पोरांकडून बोलून घ्यायचं."

मग काय उपक्रम घ्यायचे यावर चर्चा सुरू झाली. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, प्रश्नमंजुषा ठेवूया. कुणी म्हणालं, मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात नेऊन कवितावाचन करूया, ते स्वतःपण मास्तर होते. बाई म्हणाल्या, "तिकडे तर पोरं दरसाल जातात. आणि प्रश्नमंजुषेत हुशार तेच बोलतील."

मी म्हटलं, "बाई, आमच्या आंब्याचीपण सहामाही असते. पाऊस गेल्यावर कलम बघायचं. मोहोराच्या जागी पालवी फुटली असेल तर ती जून होईपर्यंत मोहोर लांबला. म्हणून काय बागायतदार झाडाला शिव्या घालत नाही. पाऊस लांबला काय, थंडी पडली काय, हे बघतो. पोराचंपण तसंच बघायला हवं. त्याच्या आजूबाजूला काय झालं ते आधी." बाईंनी हे वहीत लिहून घेतलं. मला अंमळ बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

शेवटी असं ठरलं. शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी प्रत्येक गटाने देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची. आमच्या गणपतीची प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या डोंगराची, किलोमीटरभराची पाखाडी. निघताना किनाऱ्यावरून एक शिंपला घ्यायचा आणि वाटेत जांभ्याचा एक खडा. डोंगराच्या मागच्या अंगाला निम्म्या वाटेवर बसायचं. तिथून समुद्र दिसत नाही की देऊळ दिसत नाही. तिथे शिंपला पुढे ठेवून काय जमलं ते सांगायचं, खडा ठेवून काय राहिलं ते सांगायचं. आणि कोणाची मदत हवी, हे शेवटी.

माझ्या गटात सातवीची सात पोरं. त्यांत माझ्याच बागेतल्या गुरख्याची मुलगी. आमच्याकडे पाऊस सरला की नेपाळातून माणसं बागा राखायला येतात आणि आंबा संपला की परत जातात. ही पोर आईबापांबरोबर तिसऱ्या वर्षी आलेली. मराठी चांगली बोलते.

पोरं मोकळी बोलली. एकाने शिंपला ठेवून सांगितलं, अपूर्णांक जमले. एक म्हणाला, सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर बाबांच्या गाडीवर शहाळी विकायला लागतात, अभ्यास राहतो. मी मान हलवत होतो, पोक्तपणे.

तिची पाळी आली. तिने शिंपला हातातच ठेवला. म्हणाली, "आजोबा, माझं अर्धं वर्ष इथे नाहीच. जूनमध्ये मी गावी असते. तिकडे शाळा वैशाखात सुरू होते. मी जाते तेव्हा तिथलं अर्धं शिकवून झालेलं असतं. इथे येते तेव्हा इथलंपण."

मला काही सुचेना. मी विचारलं, "पण आल्यापासून तरी रोज का येत नाहीस गो?" हजेरी मी बघितली होती. महिन्यातले अकरा दिवस गैरहजर.

तिने खडा खाली ठेवला. "फवारणी असली की तुम्ही आईला नळी ओढायला बोलावता. भाऊ लहान आहे, तीन वर्षांचा. मग मी घरी राहते." थोडं थांबून म्हणाली, "मदत तुमचीच पाहिजे."

बाकीची सहा पोरं माझ्याकडे बघायला लागली. कलमाच्या आजूबाजूला काय झालं ते बघा, असं बैठकीत सांगणारा मीच होतो आणि या पोरीच्या आजूबाजूला जे झालं होतं तेही मीच. वडिलांची ती सही आठवली. उरलेली अर्धी प्रदक्षिणा मी पोरांच्या मागून मुकाट्याने चाललो.

संध्याकाळी खोपीवर गेलो. तिची आई आधी घाबरली. तिला वाटलं, काम जाणार. "पैसा कमी होणार काय?" असं तिने दोनदा विचारलं. पैसा कमी केला नाही. पोरग्याचं नाव अंगणवाडीत घातलं. पण अंगणवाडी दुपारी सुटते, म्हणून तिला खोपीजवळच्या लहान कलमांना पाणी घालायचं काम दिलं. पोर डोळ्यासमोर राहतं. नळी ओढायला मी स्वतः लागलो. आठ दिवसांत कंबरेने तक्रार केली आणि पुढे एक गडी घ्यावा लागला. मजुरी वाढली ती वाढली. कायदा शाळेला सांगतो की मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्या. शाळेने ते कधीच घेतलं होतं. माझ्या बागेला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं.

जानेवारीपासून ती नीट शाळेत आली. सगळं भरून निघालं असं नाही. निम्मं पुस्तक चार महिन्यांत होत नाही. जाताना बाईंनी तिला काय काय येतं ते एका कागदावर लिहून दिलं, तिकडच्या मास्तरांना दाखवायला. त्याचा उपयोग झाला की नाही, ते ती आली की कळेल.

यंदाची दिवाळी झाली. परवा पुन्हा पडवीत बैठक आहे. मी बाईंना सुचवलंय की या वेळी मोठ्या माणसांनीपण खडा ठेवायचा, आणि तोही आधी. पोस्टमास्तरांना ते फारसं पटलेलं दिसत नाही. गुरख्याचा फोन येऊन गेला, आठवड्याभरात बिऱ्हाड घेऊन येतो म्हणाला.

बाईंनी विचारलं, "काका, तुमच्या गटात किती धरू? पटावर सध्या सहाच आहेत."

मी म्हटलं, "सात धरा."