उद्या येतो

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील सांगून गेले आहेत. त्यात ‘बिऱ्हाड पाहावे हलवून’ अशी तिसरी गोष्ट घालण्याची त्यांना गरज वाटली नसावी. त्यांच्या काळी नव्या घरी चूल पेटली आणि पाण्याचा हंडा भरला, की घर लागले असे समजत. गेल्या ज्येष्ठ महिन्यात आम्ही साताऱ्याच्या जुन्या वाड्यातून पुण्याजवळ धायरीच्या एका नव्या इमारतीत राहावयास आलो, तेव्हा आमची चूल पहिल्याच दिवशी पेटली. पाणीही आले. तरीही आमचे घर लागण्यास तीन आठवडे गेले. कारण दूरचित्रवाणी आणि ब्रॉडबँड यांच्या जोडण्या जुन्या पत्त्यावर होत्या, आणि आम्ही नव्या पत्त्यावर!

दूरचित्रवाणीवाचून आम्हां म्हाताऱ्यांचे एवढे काय अडले, असे कोणी विचारील. तिच्यावाचून खरोखरच काही अडले नाही. अडले ते दुसऱ्या जोडणीवाचून. माझी सात वर्षांची नात जर्मनीत म्युनिक शहरी राहते. दर रविवारी तिकडे सकाळचे अकरा आणि इकडे दुपारचे अडीच वाजले, की आम्ही दोघे पडद्यावर समोरासमोर बसून मराठी वाचतो. आम्ही जोडाक्षरांपर्यंत येऊन पोहोचलो होतो. नव्या घरात मोबाईलचे संकेत फार दुर्बळ; नातीचे चित्र तोंड उघडे ठेवून तसेच थिजून राही आणि शब्द तुकड्यातुकड्यांनी येत. अशा स्थितीत ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ यांतील भेद शिकवणे कोणाही मास्तराच्या आवाक्यातले नाही. “पुढच्या रविवारी नक्की हं!” असे मी तिला कसेबसे ओरडून सांगितले.

दूरचित्रवाणीचा कारागीर तसा चौथ्याच दिवशी आला. सज्जात उभा राहून त्याने आभाळाकडे पाहिले आणि मान हलवली. घराबाहेर लावतात ती तबकडी म्हणजे एक कान आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर जे उपग्रह आहेत, ते पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच वेगाने तिच्याभोवती फिरतात. म्हणून आपल्याला ते आकाशात एका जागी टांगल्यासारखे भासतात. पुण्याहून पाहता हे कार्यक्रम पाठवणारे उपग्रह साधारणतः आग्नेयेच्या बाजूस येतात. तबकडीचे तोंड नेमके तिकडे हवे आणि मध्ये भिंत नको. आमच्या सज्जाने मात्र वायव्येकडे तोंड केलेले! तेव्हा तबकडी गच्चीवर लावणे भाग होते; गच्ची सोसायटीची; तिच्यासाठी चिटणिसांची लेखी परवानगी हवी; आणि चिटणीस तर पालखीबरोबर पायी पंढरपुरास गेलेले. विठोबाच्या वाटेवर असलेल्या माणसावर रागावणार तरी कसे? आम्ही तो विषय आषाढी एकादशीनंतरवर टाकला.

ब्रॉडबँडच्या कंपनीकडे मात्र विठोबाचे निमित्त नव्हते. दूरध्वनी केला की प्रथम एक यंत्र बोले. मराठीसाठी अमुक आकडा दाबा, तक्रारीसाठी तमुक. मग बराच वेळ सनई वाजे. अखेर एक गोड आवाज येई, “उद्या सकाळी दहा ते एक या वेळात आमचा माणूस येईल.” मी नऊलाच स्नान आटोपून, दाराची कडी काढून बसे. एक वाजे, चार वाजत, दिवेलागण होई. माझे सकाळचे फिरणे सुटले. भाजी आणावयास जावे, तर तेवढ्यात तो येऊन गेला तर! एके दिवशी तो आला नाही; परंतु सायंकाळी मोबाईलवर संदेश आला, ‘आपले काम पूर्ण झाले आहे.’ जी परीक्षा झालीच नाही, तिचे प्रगतिपुस्तक हाती पडावे, तशी माझी अवस्था झाली. “अहो, जरा हळू बोला, शेजारी काय म्हणतील!” असे सौभाग्यवतीस म्हणावे लागले, इतका मी दूरध्वनीवर तापलो. पलीकडचा आवाज शांतपणे म्हणाला, “सर, उद्या नक्की.”

दोन रविवार असे कोरडे गेले. त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी मी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलो होतो. बाहेर पाऊस लागला होता. जिन्यावर पावले वाजत, मी सावरून बसे, आणि पावले वरच्या मजल्याकडे निघून जात. तसा बसलेला असताना मला एकाएकी एक लाकडी बाकडे आठवले.

ते बाकडे माझ्या कचेरीच्या दाराबाहेर असे. साल 2006. तालुक्याच्या गावी मी मुख्याध्यापक होतो. पावसाळ्याचे दिवस होते, आणि घाटापलीकडच्या एका वाडीतून एक गृहस्थ आपल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला नेण्यासाठी आले होते. मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, प्रवेश घ्यावयाचा होता. दाखले लिहिणारे आमचे लिपिक रजेवर होते आणि मी तपासणीच्या कागदांत बुडालो होतो. मी शिपायाकरवी निरोप दिला, “उद्या या.” वाडीला सकाळी एक आणि सायंकाळी एक अशा दोनच एसटी. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी आले. भिजलेले घोंगडे मांडीवर घेऊन त्या बाकड्यावर संध्याकाळपर्यंत बसले. मी पुन्हा ‘उद्या’ म्हटले. तिसऱ्या दिवशीही तेच झाले. चौथ्या दिवशी ते आले नाहीत.

दाखला लिहावयास पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही. जनरल रजिस्टर कपाटात होते आणि कपाटाची किल्ली माझ्याच खणात होती. आठवड्याने लिपिकांनी दाखला तयार केला. पण तोवर प्रवेशाची मुदत संपून गेली होती. मुलगा मुंबईस काकाकडे कामाला गेल्याचे पुढे शिपायाने सांगितले. तो दाखला न्यावयास कोणीच आले नाही. मी त्या शाळेतून बदलून गेलो, तेव्हाही तो फाईलमध्ये तसाच होता.

त्या दिवशी मी कंपनीस दूरध्वनी केला नाही.

एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी, सायंकाळी साडेसहाला दारावर टकटक झाली. विशीतला एक मुलगा, अंगावर ओला रेनकोट, पाठीवर जडशी पिशवी. त्याने सांगितलेली हकीकत अशी, की गल्लीतल्या खांबापर्यंत तार केव्हाच आली होती. परंतु इमारतीत ती वर आणण्यासाठी जी नळी ठेवली आहे, तिच्यात बांधकामाच्या वेळी सिमेंट जाऊन बसले होते. “काका, आधीचे दोघं जण खालूनच बघून गेले. नळी फोडायला वेळ लागतो ना, तेवढ्यात दुसरी चार घरं होतात,” तो म्हणाला. त्याने हातोडी-छिन्नी काढली आणि तो कामास लागला.

दीड तासाने त्याने जे ओढून वर आणले, ती तांब्याची तार नव्हती. ती काच होती! केसाएवढ्या त्या काचतंतूच्या पोटात, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका एक गाभा असतो. त्यात शिरलेला प्रकाश कडांवर आदळून पुन्हा आतच परततो आणि तंतू वाकला तरी बाहेर न सांडता पुढे जातो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनमध्ये अशा वाकवलेल्या काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवले, ते 1954 साली प्रसिद्ध झाले. मी हे वर्गात अनेकदा सांगितले होते, पण तंतू हातात धरला तो त्या दिवशी. मुलाने दोन टोके स्पिरिटने पुसली, सरळ कापली आणि एका लहानशा यंत्रात समोरासमोर ठेवली. बारीक ठिणगी उडाली. दोन काचा वितळून एक झाल्या.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. “हो काका, उद्या येतो. उद्या नक्की,” असे म्हणून त्याने तो खिशात टाकला.

“उद्या खरेच जाणार आहेस का रे?” मी विचारले.

तो ओशाळून हसला. “उद्या मला हडपसरला पाठवलंय, सर. पण ‘चार दिवस जमणार नाही’ म्हटलं की माणसं तक्रार करतात. उद्या म्हटलं की थांबतात.”

मी काही बोललो नाही. सौभाग्यवतीने त्याला चहा आणि पोहे दिले. खाऊन झाल्यावर तो थोडा वेळ मोबाईलकडे पाहत बसला. मग त्याने तो उचलला, तोच क्रमांक फिरवला आणि म्हणाला, “काका, मघाशी बोललो तो मीच. उद्या नाही जमणार. मंगळवारी येतो.” पलीकडून काय बोलणी ऐकावी लागली ठाऊक नाही, त्याने मोबाईल कानापासून जरा दूर धरला होता.

रविवारी अडीच वाजता पडद्यावर नात दिसली. स्वच्छ, हलती, दोन वेण्या घातलेली. पुस्तक उघडण्याआधी तिने मला खडसावले, “आजोबा, तुम्ही ‘पुढच्या रविवारी नक्की’ म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो. चुकलोच मी.”

“मी दोन्ही रविवारी वाट बघत बसले होते.”

मग तिने पान काढले, बोट ठेवले आणि जिथे राहिलो होतो, त्या ‘ज्ञ’पासून वाचावयास लागली. गच्चीवरच्या तबकडीस अद्याप आठवडा होता.