डब्यातल्या ओव्या

रात्री घरात अचानक ‘बीप... बीप...’ असा आवाज येऊ लागला, तर तुम्ही काय कराल? मी आधी इन्व्हर्टर पाहिला, मग मोबाइल पाहिला. दिवाळीच्या सुट्टीत आलेली माझी भाची मात्र थेट कपाटापाशी गेली आणि म्हणाली, ‘‘मामा, हा डबा काऊन वाजून राहिला?’’

आमचं घर वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, धनजला. कपाटावर बुटांच्या खोक्याएवढा एक डबा आहे. त्यात दोन हार्ड डिस्क. घरातले फोटो, कागदपत्रं आणि माझ्या आईनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात साठवलेल्या. आई आता नाही. तिचा आवाज तेवढा त्या डब्यात आहे. आता कळलं ना, माझ्या पोटात गोळा का आला ते?

संगणकावर पाहिलं, तर दोनपैकी एक डिस्क बंद पडलेली. त्यात नवल नाही. डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या मारतात. त्यांच्यावरून वाचणारी टोकं केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावरून फिरतात. कधी ना कधी ती थकणारच!

पण गंमत अशी, की या डब्यात प्रत्येक गोष्ट दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. एक गेली तरी दुसरी काम चालवते. अनेक साध्या डिस्क एकत्र जोडून माहिती सांभाळायच्या या पद्धतींना ‘रेड’ हे नाव १९८७ साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी दिलं.

चार दिवसांनी नवी डिस्क आली. ती जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते, लहान चालत नाही. मी उत्साहात डब्याला हात घातला आणि एक डिस्क ओढणार, एवढ्यात भाची ओरडली, ‘‘थांब मामा! नंबर पाह्यला का?’’

नव्हता पाहिला! साफसफाई करताना मी डबा उलटा ठेवला होता. डावं ते उजवं झालं होतं. चालू डब्यातून मी चांगलीच डिस्क उपटणार होतो! मग डबा रीतसर बंद केला. संगणकावर दिसलेला बिघडलेल्या डिस्कचा क्रमांक भाचीनं वहीत लिहून घेतलाच होता. डिस्कवरच्या चिठ्ठीशी तो आकडा आकडा जुळवला, आणि मगच ती काढून नवी बसवली.

डबा सुरू केल्यावर चांगली डिस्क स्वतःतलं सगळं नवीला देऊ लागली. हे काम तासन्‌तास चालतं. तेवढ्यात तीही दगावली तर संपलंच. आम्ही दोघं रात्री उठून उठून टक्के पाहत होतो. १२... ४०... ७१... सकाळी हिरवा दिवा लागला. भाचीनं आजीची ओवी लावली. घरात कुणी काहीच बोललं नाही.

आपल्या वऱ्हाडात असं पूर्वीही घडलंय बरं का. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेलं. त्याची मूळ प्रत खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग शिष्यांनी आपापल्या आठवणीतून तो ग्रंथ पुन्हा उभा केला. तिथं माणसंच डिस्क होती!

आता एक प्रश्न. ओवी चुकून माझ्याच हातून पुसली गेली तर? दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाईल! घराला आग लागली तर दोन्ही जळतील. म्हणून आम्ही तिसरी प्रत करून कारंज्याला ताईच्या घरी ठेवली. भाची तर त्यातल्या दोन ओव्या पाठही करून गेली.

तुमच्या आजीचा आवाज कुठं आहे? एकाच मोबाइलमध्ये? मग आजच शाळेतून आल्यावर आईबाबांना विचारा, ‘‘दुसरी प्रत कुठं आहे?’’